कोर्स पुरा केल्याने प्रश्न सुटत नाही

प्रतिजैविकांना जंतू दाद देईनासे झाले आहेत, ही गोष्ट आता वैद्यकाच्या पुस्तकांपुरती राहिलेली नाही. ती घराघरांत पोहोचली आहे. तिच्याबरोबर तिचे एक ठरीव स्पष्टीकरणही पोहोचले आहे. लोक सर्दी-तापाला मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणतात, दोन दिवसांत बरे वाटले की उरलेली पट्टी कपाटात टाकतात, शरीरातले अर्धमेले जंतू वाचतात आणि औषधाला पुरून उरायला शिकतात. उपायही ठरलेले आहेत. रुग्णाने कोर्स पुरा करावा आणि शास्त्रज्ञांनी लवकर नवे औषध शोधून काढावे. दरवर्षी नोव्हेंबरात साजरा होणारा जागृती सप्ताह असो, दवाखान्यातला फलक असो की वर्तमानपत्रातले आरोग्याचे सदर असो, सूर हाच असतो.

या मतात जे खरे आहे ते आधी मान्य केले पाहिजे. सर्दी-पडसे विषाणूंमुळे होते आणि त्यावर प्रतिजैविकाचा काडीचा उपयोग नसतो, हे खरे आहे. औषध वापरले की त्याला न जुमानणाऱ्या जंतूंना वाव मिळतो, हेही खरे आहे. महत्त्वाची प्रतिजैविके चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून २०१४ पासून देशात शेड्यूल एच-१ लागू झाले, औषधाच्या पट्टीवर लाल रेघ आली. ही पावले योग्यच होती. माझा आक्षेप या सुट्या विधानांवर नाही. त्यांच्यातून जो एकच निष्कर्ष काढला जातो, त्याच्यावर आहे. औषधप्रतिकार हा रुग्णाच्या बेशिस्तीतून आलेला आजार आहे आणि नवे औषध ही त्याच्यावरची मात्रा आहे, हा तो निष्कर्ष. माझे म्हणणे असे की, औषधप्रतिकार कुठेही जन्मला तरी तो मोठा होतो पसरल्यामुळे. त्याच्या पसरण्याच्या मुख्य वाटा म्हणजे मैल्याचे पाणी, कोंदट घरे, कारखान्यांचे सांडपाणी आणि रुग्णालयातले न धुतलेले हात. या वाटा बंद करणे रुग्णाच्या हातात नसते. ते नगरपालिकेच्या, रुग्णालयाच्या आणि सरकारच्या हातात असते.

फ्लेमिंग यांचा दाखला

या मताचा उगम फार मोठ्या माणसापाशी आहे. ११ डिसेंबर १९४५ रोजी स्टॉकहोममध्ये नोबेल व्याख्यान देताना अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी शेवटी एक काल्पनिक गृहस्थ श्रोत्यांपुढे उभा केला. त्याचा घसा दुखतो. तो स्वतःच पेनिसिलिन विकत आणतो, पण पुरेसे घेत नाही. घशातले स्ट्रेप्टोकोकस जंतू मरण्याऐवजी पेनिसिलिनला सरावतात. त्यांचीच लागण त्याच्या बायकोला होते, तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन चालत नाही आणि ती दगावते. दोष कोणाचा, तर कमी औषध घेणाऱ्या नवऱ्याचा. आज फलकांवर जे लिहिलेले असते त्याचे बीज या गोष्टीत आहे.

त्या व्याख्यानाला आठ दशके झाली. घसा धरणारा तो जंतू, स्ट्रेप्टोकोकस पायोजेनिस, या काळात जगभरच्या कोट्यवधी लोकांच्या घशात अर्धवट औषधांना तोंड देत आला. तरीही रुग्णांमध्ये तो पेनिसिलिनला आजवर पुरून उरलेला नाही. आजही त्यावर पेनिसिलिन हेच पहिले औषध आहे. फ्लेमिंग यांनी ज्या जंतूचे उदाहरण घेतले त्याच्या बाबतीत त्यांची भीती खरी ठरली नाही.

भीती खरी ठरली ती दुसऱ्या जंतूच्या बाबतीत आणि दुसऱ्या रीतीने. १९४०च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात मेरी बार्बर या जंतुशास्त्रज्ञ स्टॅफिलोकोकसचे नमुने तपासत होत्या. पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या नमुन्यांचे प्रमाण वर्षागणिक वाढत होते. हे जंतू प्रत्येक रुग्णाच्या शरीरात नव्याने तयार होत असावेत, असा समज सहज झाला असता. बार्बर यांना दिसले ते वेगळे. मुळातच पेनिसिलिन पचवणारा एक वाण रुग्णालयभर एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जात होता. आणि पेनिसिलिन फोडणारे एंझाइम काही नवे नव्हते. ऑक्सफर्डच्या एडवर्ड एब्रहम आणि अर्न्स्ट चेन यांनी त्याचे वर्णन डिसेंबर १९४० मध्येच छापले होते. तिथे पहिल्या रुग्णावर पेनिसिलिनने उपचार झाले ते त्यानंतर, फेब्रुवारी १९४१ मध्ये. म्हणजे औषध रुग्णापर्यंत पोहोचण्याआधीच त्याचा उतारा निसर्गात तयार होता. कॅनडातल्या युकॉन प्रांतात सुमारे ३० हजार वर्षे गोठलेल्या जमिनीतूनही औषधप्रतिकाराची जनुके मिळाली आहेत. ती कोणा रुग्णाच्या हलगर्जीपणाने तिथे गेलेली नाहीत.

गोळी पोटात गेल्यावर

पाच दिवस प्रतिजैविक घेतले की शरीरात काय होते, ते जवळून पाहू. समजा घशासाठी गोळी घेतली. ती पोटात विरघळते, रक्तात मिसळते आणि घशातल्या जंतूपर्यंत पोहोचते. पण ती तेवढ्यावर थांबत नाही. आतड्यात अब्जावधी निरुपद्रवी जंतू नांदत असतात, त्यांत ई. कोलाय असतो, क्लेबसिएला असतो. गोळी त्यांच्यावरही पडते. औषधाला बळी पडणारे मरतात, न पडणाऱ्यांना जागा मोकळी मिळते. पहिल्या दिवशी थोडी, पाचव्या दिवशी जास्त, दहाव्या दिवशी त्याहून जास्त. आज रुग्णालयांना घोर लावणारे बहुतेक जंतू हेच आहेत: एरवी आतड्यात गप्प राहणारे आणि संधी मिळाली की मूत्रमार्गात, फुफ्फुसात, रक्तात शिरणारे. त्यांच्या बाबतीत कोर्स लांबवला की प्रतिकार घटत नाही, उलट वाढण्याचीच शक्यता असते.

शिवाय जास्त दिवस औषध घेतल्याने रुग्ण जास्त बरा होतोच असे नाही, याचा पुरावा आपल्याच देशात मिळाला आहे. २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये भारतातल्या सात रुग्णालयांतली एक चाचणी प्रसिद्ध झाली. साधा, तीव्र नसलेला न्यूमोनिया झालेल्या २,१८८ बालकांपैकी निम्म्यांना अमॉक्सिसिलिन तीन दिवस दिले, निम्म्यांना पाच दिवस. दोन्ही गटांत शंभरातली जवळजवळ ९० मुले बरी झाली. जास्तीच्या दोन दिवसांनी बरे होण्यात भर पडली नाही. २०१७ मध्ये त्याच नियतकालिकात मार्टिन लेवेलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उघड मांडणी केली की, ‘कोर्स पुरा न केल्याने प्रतिकार वाढतो’ या सांगण्याला पुराव्याचा आधार नाही.

म्हणून उद्यापासून कोणी मनानेच गोळ्या थांबवाव्यात असा अर्थ यातून काढू नये. औषध किती दिवस घ्यायचे ते आजारावर ठरते आणि ते डॉक्टरांनीच ठरवायचे असते. घशाच्या स्ट्रेप्टोकोकसवर दहा दिवस औषध देतात, कारण संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा खराब होऊ नयेत. कोर्स हा त्या रुग्णाला बरे करण्यासाठी असतो. तो पुरा केल्याने गावातला औषधप्रतिकार कमी होतो, ही पुढची उडी मात्र पुराव्यात बसत नाही.

क्षयरोगाचे काय?

इथे पूर्वपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा येतो, आणि त्याला बगल देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. क्षयरोगात उपचार अर्धवट सोडणे खरोखर घातक असते. फुफ्फुसातल्या एका पोकळीत दहा कोटींच्या घरात क्षयजंतू असू शकतात, आणि एखाद्या औषधाला न जुमानणारा जंतू त्यांत योगायोगाने आधीच असतो. एकच औषध दिले तर बाकीचे मरतात आणि तो उरतो. म्हणून तर चार औषधे एकत्र आणि महिनोन्महिने देतात. क्षयरोगात कोर्स पुरा करा हे सांगणे शंभर टक्के बरोबर आहे.

पण याच आजारात पुढे काय दिसले ते पाहा. दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलू-नाताल प्रांतात सर्वांत बिकट प्रकारच्या औषधप्रतिकारी क्षयाच्या ४०४ रुग्णांचा अभ्यास झाला. तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या २८० जणांनी, म्हणजे शंभरातल्या ६९ जणांनी, बहुऔषधप्रतिकारी क्षयावर कधी उपचारच घेतलेले नव्हते. त्यांनी काही अर्धवट सोडले नव्हते. त्यांना तो क्षय दुसऱ्याकडून, तयार स्थितीत, हवेतून मिळाला होता.

मुंबईला हे नवीन नाही. पी. डी. हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलेल्या सर्व औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचे रुग्ण डिसेंबर २०११ मध्ये जगापुढे मांडले, तेव्हा शहर हादरले. त्यानंतर गोवंडी-मानखुर्द भागातल्या पुनर्वसन वसाहतींचा, लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंडचा, अभ्यास झाला. इमारती इतक्या खेटून उभ्या आहेत की खालच्या मजल्यांवर ऊन पोहोचत नाही आणि हवा खेळत नाही. जिथे उजेड आणि वारा कमी, तिथे क्षय जास्त, असे अभ्यासकांना आढळले. अशा खोलीत राहणाऱ्या मुलीने आयुष्यात एकही गोळी चुकवलेली नसली, तरी शेजारच्या खोकल्यातून तिला औषधप्रतिकारी क्षय होऊ शकतो. तिला कोर्सचे महत्त्व सांगून काय उपयोग? खिडकीला वारा मिळेल इतके अंतर दोन इमारतींत सोडणे हा तिच्यासाठी औषधप्रतिकारावरचा उपाय आहे, आणि तो इमारतीचे नकाशे मंजूर करणाऱ्या टेबलावर ठरतो.

बाळाने कोणता कोर्स सोडला?

दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात नवजात बालकांच्या जंतुसंसर्गाचा एक मोठा अभ्यास झाला. अतिदक्षता कक्षात दाखल झालेली १३,५३० बाळे त्यात होती. जंतुसंसर्गाच्या घटनांपैकी दोन-तृतीयांश घटना जन्मापासून ७२ तासांच्या आत घडल्या. रक्तात सापडलेल्या ॲसिनेटोबॅक्टर जंतूंपैकी शंभरातले ८२ आणि क्लेबसिएलापैकी ५४ अनेक औषधांना दाद देत नव्हते.

तीन दिवसांच्या बाळाने मेडिकलमधून परस्पर काही आणलेले नसते. त्याला हा जंतू मिळाला तो प्रसूतीच्या टेबलावरून, नळीतून, इन्क्युबेटरच्या दारातून किंवा एका बाळाला हाताळून दुसऱ्याकडे वळलेल्या हातातून. एका परिचारिकेकडे झेपतील त्याहून कितीतरी जास्त बाळे असतील, हात धुवायला बेसिन लांब असेल आणि नळाला पाणी ठरावीक वेळेलाच येत असेल, तर तिची सदिच्छा या जंतूला अडवू शकत नाही. औषधप्रतिकार हा रुग्णाच्या वागण्याचा परिणाम आहे असे म्हणणाऱ्यांनी या बाळांचा हिशेब द्यायला हवा.

आता देशादेशांची तुलना करू. वापर जास्त तिथे प्रतिकार जास्त, असे सरळ गणित मांडले जाते आणि भारत हा जगातला सर्वांत मोठा प्रतिजैविक-खाऊ देश म्हणून दाखवला जातो. एकूण खपात तो मोठा आहेच, कारण माणसेच तितकी आहेत. पण २०१९ मध्ये भारताच्या खासगी बाजारातला वापर, म्हणजे एकूण वापराचा बहुतांश भाग, दर हजार लोकांमागे दिवसाला १०.४ मात्रा इतका होता. त्याच वर्षी युरोपची सरासरी १९ ते २० मात्रांच्या आसपास होती. युरोपात सर्वांत कमी वापर करणाऱ्यांत गणल्या जाणाऱ्या नेदरलँड्सच्या जवळपास आपण होतो. सरकारी रुग्णालयांतला वापर यात धरला तरी चित्र उलटत नाही. प्रतिकाराचे चित्र मात्र पूर्ण वेगळे आहे. नेदरलँड्समध्ये कार्बापेनेम या प्रतिजैविकांच्या गटाला न जुमानणारा क्लेबसिएला शंभरात एकही भरत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या जाळ्यातल्या मोठ्या रुग्णालयांत याच गटातल्या इमिपेनेमला बळी पडणारे क्लेबसिएलाचे नमुने २०१७ मध्ये शंभरात सुमारे ५८ होते, ते २०२३ पर्यंत ३६ च्या आसपास उतरले.

हा फरक कशाने पडतो? २०१८ मध्ये पीटर कॉलिग्नन आणि सहकाऱ्यांनी १०३ देशांची आकडेवारी तपासली. प्रतिजैविकांचा खप आणि प्रतिकाराची पातळी यांत ठाम संबंध सापडला नाही. ज्या देशांत स्वच्छ पाणी, मलनिस्सारण यांसारख्या सोयी चांगल्या आणि कारभार नीट, तिथे प्रतिकार कमी, हा संबंध मात्र स्पष्ट होता. प्रतिकारी जंतूंचा आणि त्यांच्या जनुकांचा फैलाव हाच मुख्य घटक दिसतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

दिल्लीच्या पाण्यात तो फैलाव डोळ्यांनी दिसला. २०१० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात संशोधकांनी रस्त्याकडेला साचलेल्या आणि झिरपलेल्या पाण्याचे १७१ आणि नळाच्या पाण्याचे ५० नमुने घेतले. एनडीएम-१ नावाच्या, कार्बापेनेम औषधे फोडणाऱ्या एंझाइमचे जनुक साचपाण्याच्या ५१ आणि नळाच्या २ नमुन्यांत सापडले. ताडून पाहण्यासाठी ब्रिटनमधल्या कार्डिफ शहराच्या सांडपाण्याचे ७० नमुने घेतले होते. त्यांत एकही नाही. हे जनुक एका जातीच्या जंतूकडून दुसऱ्या जातीकडे जाते, आणि ते जाण्याचा वेग ३० अंश सेल्सिअसला सर्वांत जास्त आढळला, म्हणजे उत्तर भारतात वर्षातले कित्येक महिने असते त्या तापमानाला. तेव्हा देशात वादळ उठले ते एंझाइमच्या नावात दिल्ली आल्याबद्दल (एनडीएममधले ‘एनडी’ म्हणजे न्यू दिल्ली). पिण्याच्या पाण्याचा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला.

पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात २०१६ च्या अखेरीस टायफॉईडची जी साथ उठली, तिने हीच गोष्ट पुन्हा सांगितली. हैदराबाद शहरात पसरलेल्या या टायफॉईडच्या जंतूने एक अख्खा प्लास्मिड, म्हणजे जनुकांचा एक फिरता तुकडा, ई. कोलाय जंतूकडून उचलला होता आणि पाच प्रकारच्या औषधांना तो निरुत्तर करू लागला. तोंडाने घ्यायच्या औषधांपैकी भरवशाचे एकटे अझिथ्रोमायसिन उरले. तिथे पिण्याच्या पाण्यात मैल्याचे पाणी मिसळत होते.

आणि जिथे रुग्ण मुळीच नाही अशी जागा पाहायची तर आपल्या तेलंगणातल्या हैदराबादजवळचे पाटनचेरू पाहावे. सुमारे ९० औषध कारखान्यांचे सांडपाणी घेणाऱ्या प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात स्वीडिश संशोधकांना सिप्रोफ्लॉक्सासिन लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले. ही नोंद २००७ ची आहे. ते औषध घेणाऱ्या माणसाच्या रक्तात जेवढे असते त्याहून हे प्रमाण कितीतरी जास्त आहे. कारखान्यांच्या सांडपाण्यातल्या प्रतिजैविकांना मर्यादा घालणारा मसुदा केंद्र सरकारने जानेवारी २०२० मध्ये काढला होता. २०२१ मध्ये अंतिम नियम आले तेव्हा त्या मर्यादा गळलेल्या होत्या. पट्टीवर लाल रेघ राहिली, नाल्यावर नाही.

नवे औषध येईल, मग?

त्या ठरीव मताचा दुसरा आधार नव्या औषधाचा. शास्त्रज्ञ हातावर हात ठेवून बसलेले नाहीत. नवी औषधे येत आहेत, आणि त्यांत भारताचा वाटा अभिमान वाटावा असा आहे. चेन्नईच्या ऑर्किड फार्माने शोधलेल्या एनमेटाझोबॅक्टमला २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. छत्रपती संभाजीनगरात संशोधन केंद्र असलेल्या वोक्हार्टचे नाफिथ्रोमायसिन न्यूमोनियावर दिवसातून एकदा, तीनच दिवस द्यायचे औषध म्हणून पुढे आले. तरीही नव्या औषधावर सगळी भिस्त टाकणे तीन कारणांनी चूक आहे.

पहिले कारण, औषध कोणत्या जंतूसाठी बनते हे बाजार ठरवतो. २०१५ मध्ये अमेरिकेत सेफ्टाझिडीम-ॲविबॅक्टम हे मोठे औषध आले. अमेरिकेत जास्त आढळणाऱ्या केपीसी या एंझाइमवर ते चालते. आपल्याकडे मातलेल्या एनडीएमवर चालत नाही. म्हणून आपल्या डॉक्टरांना त्याला ॲझट्रिओनॅम या औषधाची जोड देऊन मार्ग काढावा लागला. दोन्हींच्या कामाचे गुण एकत्र आणणारे ॲझट्रिओनॅम-ॲविबॅक्टम हे तयार औषध मान्यता मिळवून आले ते २०२४-२५ मध्ये.

दुसरे कारण, नवे प्रतिजैविक जपून वापरायचे असते, आणि जपून वापरलेल्या मालावर कंपनी जगत नाही. अमेरिकेतल्या अकाओजेन कंपनीच्या प्लाझोमायसिनला जून २०१८ मध्ये मान्यता मिळाली. पहिल्या वर्षीची विक्री दहा लाख डॉलरच्याही आत राहिली आणि एप्रिल २०१९ मध्ये कंपनीने दिवाळे जाहीर केले. त्या औषधाचे बरेचसे हक्क पुढे लिलावात मुंबईच्या सिप्लाच्या अमेरिकी शाखेकडे आले. नोव्हार्टिससारख्या बड्या कंपनीने त्याच सुमारास प्रतिजैविकांचे संशोधन थांबवले. विज्ञान आटले म्हणून औषधे येत नाहीत, हा समज त्यामुळे अपुरा ठरतो. अशा औषधाचे मोल विकलेल्या गोळ्यांवर मोजणेच चुकीचे आहे. ब्रिटनने २०२२ पासून दोन प्रतिजैविकांसाठी वापर कितीही झाला तरी वर्षाला ठरावीक रक्कम देण्याची पद्धत सुरू केली, ती याच जाणिवेतून.

तिसरे कारण सर्वांत बोचरे आहे. असलेले औषधही गरजूपर्यंत पोहोचत नाही. २०१९ च्या आकडेवारीवरून आठ देशांतल्या कार्बापेनेमप्रतिकारी जंतुसंसर्गाचा अंदाज २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे १५ लाख संसर्गांपैकी योग्य औषध मिळालेले शंभरात सातच्या आसपास. भारतात आठाच्याही आत. क्षयावरचे बेडाक्विलीन २०१२ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. जुन्या, विषारी औषधांनी ऐकण्याची शक्ती गमावलेल्या मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले या दोघींनी त्या औषधाची मक्तेदारी लांबवणाऱ्या पेटंट अर्जाला भारतात हरकत घेतली, आणि मार्च २०२३ मध्ये तो अर्ज फेटाळला गेला. शोध लागला म्हणजे औषध मिळाले असे नसते, हे त्या दोघींनी आपल्या लढ्यातून दाखवून दिले.

एक आक्षेप आणि त्याचे उत्तर

कोणी विचारील, तर मग गोळ्यांचा बेसुमार वापर चालू द्यायचा? मुळीच नाही. गरज नसताना घेतलेले प्रत्येक प्रतिजैविक त्या माणसाच्या आतड्यात प्रतिकाराला जागा करून देते आणि पुढे ते जंतू मैल्यातून बाहेर पडतात. वापर कमी झालाच पाहिजे. प्रश्न इतकाच की तो कोणाला दटावून कमी होईल.

तालुक्याच्या गावातला डॉक्टर डोळ्यांसमोर आणा. समोर तीन दिवसांचा ताप. खरा जंतू ओळखायचा तर रक्ताची बाटली उष्ण पेटीत ठेवावी लागते, वाढलेला जंतू काचेच्या ताटलीवर पसरावा लागतो, औषधाच्या चकत्या मांडून त्यांच्याभोवती किती मिलिमीटर जागा मोकळी राहिली ते मोजावे लागते. याला दोन-तीन दिवस जातात आणि अशी प्रयोगशाळा पुष्कळदा जिल्ह्याच्या ठिकाणीच असते. रुग्णाचा रोज बुडतो आहे, एसटीचे भाडे वेगळे. डॉक्टर अंदाजाने मोठे प्रतिजैविक लिहितो, कारण चुकले तर जबाबदारी त्याची. दुकानदार चिठ्ठीशिवाय देतो, कारण दवाखान्याची फी रुग्णाला परवडत नाही. आणि २०१९ मध्ये देशाच्या खासगी बाजारात खपलेल्या प्रतिजैविकांपैकी जवळपास निम्मी केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता नसलेली होती. ती रुग्णाने बनवलेली नव्हती. चुकीच्या वापराच्या या साखळीत रुग्ण शेवटची कडी आहे, आणि सगळा उपदेश आपण त्या कडीलाच करतो.

करायचे काय

पहिली गोष्ट पाणी आणि मैला. २०२४ मध्ये लॅन्सेटमध्ये मांडलेल्या हिशेबानुसार गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत संसर्गच टाळला तर औषधप्रतिकाराशी निगडित असे वर्षाला साडेसात लाख मृत्यू वाचू शकतात. त्यांत रुग्णालयांतल्या स्वच्छतेचा वाटा सुमारे ३ लाख ३७ हजारांचा, सर्वांना स्वच्छ पाणी आणि मलनिस्सारण देण्याचा सुमारे २ लाख ४८ हजारांचा आणि मुलांच्या लसीकरणाचा सुमारे १ लाख ८१ हजारांचा आहे. यांतल्या एकाही कामाला नव्या शोधाची वाट पाहावी लागत नाही.

दुसरी गोष्ट लस. जो आजार झालाच नाही त्याला गोळी लागत नाही. नवी मुंबई महानगरपालिकेने २०१८ मध्ये टायफॉईडच्या नव्या संयुग्म लशीची मोहीम काढली. सार्वजनिक यंत्रणेने ही लस अशी दिल्याचे ते जगातले पहिले उदाहरण होते. ९ महिने ते १४ वर्षे वयाच्या एक लाखाहून जास्त मुलांना पहिल्या टप्प्यात लस मिळाली आणि पुढच्या अभ्यासात तिचे संरक्षण स्पष्ट दिसले. सिंधमधल्या साथीनंतर पाकिस्तानने २०१९ मध्ये हीच लस, तेलंगणातल्या भारत बायोटेकने घडवलेली, नित्य लसीकरणात आणली. एका महापालिकेने औषधप्रतिकाराविरुद्ध काय करता येते ते दाखवले आहे. इतर शहरांनी ते उचलायला हवे.

तिसरी गोष्ट रुग्णालय. प्रत्येक मोठ्या रुग्णालयाने आपल्याकडे आल्यावर किती रुग्णांना नवा संसर्ग झाला ते दरवर्षी जाहीर करावे. खाटेमागे परिचारिका किती, बेसिने किती, जंतू वाढवून तपासण्याची (कल्चरची) सोय आहे की नाही, हेही रुग्णाला कळले पाहिजे. चौथी गोष्ट सांडपाणी: २०२० च्या मसुद्यातल्या मर्यादा परत आणून त्या मोजल्या जाव्यात.

पाचवी गोष्ट नव्या औषधांची. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, तेव्हा पेनिसिलिन हे लोकांच्या पैशाने, लोकांसाठी बनवायचे औषध मानले गेले होते. तिथल्या प्रयोगशाळेत एम. जे. तिरुमलाचार यांनी बुरशीवरचे हॅमायसिन शोधून काढले. प्रतिजैविक हे अग्निशामक बंबासारखे असते. आगी किती लागल्या यावर बंबाचा खर्च ठरवत नाहीत. तो तयार असण्यासाठीच पैसे मोजतात. संशोधनाला सरकारी पैसा, वापरावर सरकारी लगाम आणि गरजूला परवडणारा दर, या तिन्ही गोष्टी एकत्र आणल्या तरच नव्या औषधाचे आयुष्य वाढेल आणि ते योग्य माणसाला मिळेल.

औषधप्रतिकाराचा प्रश्न आपण आजवर रुग्णाच्या सवयींपुरता आखडून ठेवला, म्हणून त्याचा जाब कोणा नगराध्यक्षाला, आयुक्ताला, रुग्णालयाच्या अधीक्षकाला किंवा पर्यावरणमंत्र्याला कधी द्यावा लागला नाही. तो आता मागायला हवा. पाणीपुरवठ्याच्या आणि मलनिस्सारणाच्या तरतुदीवर अर्थसंकल्पात चर्चा होते तेव्हा ती प्रतिजैविकांबद्दलचीच चर्चा असते, हे नागरिकांनी ओळखावे आणि आपल्या प्रतिनिधीला त्याच शब्दांत विचारावे. डॉक्टरांनी सांगितलेल्या गोळ्या आपण नीट घेऊच. पण ज्या जंतूने आपल्याला गाठले तो मुळात आपल्यापर्यंत आला कसा, हा प्रश्न विचारण्याचा हक्क त्यासाठी सोडून देण्याचे कारण नाही.